खारघरच्या डोंगरावर कुठली दुर्बीण न्यावी? ८×४२ आणि १०×५० ची पारख

दुर्बीण पारखायची तर खारघरच्या डोंगरासारखी जागा नवी मुंबईत दुसरी नाही. माथ्यावर एका जागी उभं राहिलं की दोन-तीन किलोमीटरपासून वीस-चोवीस किलोमीटरपर्यंतच्या खुणा ओळीने मिळतात. पायथ्याला गोल्फ कोर्स, मध्ये तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, शेवटी माथेरानची रांग. दुकानात काउंटरवरून समोरच्या इमारतीची पाटी वाचून दुर्बीण घेतली की ती सगळी सारखीच वाटते. इथे आणली की फरक पाच मिनिटांत कळतो.

तीन दुर्बिणी घेतल्या आहेत: निकॉन अ‍ॅक्युलॉन ए२११ ८×४२, ऑलिंपस १०×५० डीपीएस-वन आणि निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२. निकाल आधीच सांगून टाकतो. चष्मा असेल किंवा पावसाळ्यात डोंगरावर जाणं होत असेल तर प्रोस्टाफ. चष्मा नाही, पैसे मोजके आहेत आणि दुर्बीण कोरड्या दिवसांतच बाहेर निघणार आहे, तर अ‍ॅक्युलॉन. दहा पटीची ऑलिंपस फक्त ट्रायपॉड बाळगणाऱ्याने घ्यावी. ‘जास्त पॉवर म्हणजे जास्त दिसणार’ हा हिशोब या डोंगरावर का चालत नाही, ते पुढे सविस्तर येतंच.

आधी डोंगर

बेलापूर आणि खारघर यांच्यामध्ये हा डोंगर आडवा पसरला आहे. माथा टोकदार नाही, पठार आहे. त्यावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत आणि तिथपर्यंत रस्ता चढतो. म्हणजे दुर्बीण, ट्रायपॉड, पाणी असं सगळं ओझं घेऊन जाता येतं. पण ही राहती वस्ती आहे हे विसरू नये. घरांकडे, अंगणाकडे, पाणवठ्याकडे दुर्बीण रोखून बसणं हा आगाऊपणा झाला. दुर्बीण कडेला जाऊन, बाहेरच्या दिशेलाच लावावी.

पूर्वेच्या कडेवरून खाली बघितलं की सगळ्यात जवळ पांडवकड्याखालचा भाग, गोल्फ कोर्सची हिरवळ आणि सेंट्रल पार्क. त्यापलीकडे खारघरच्या इमारती आणि त्यांच्यात इस्कॉनचं मंदिर. १५ जानेवारी २०२५ ला उद्घाटन झालेल्या या मंदिराचं शिखर दुर्बिणीचा फोकस जुळवायला उत्तम, कारण त्याची कड आकाशावर स्वच्छ उमटते. नवी मुंबई मेट्रोचा उन्नत मार्ग बेलापूरहून पेंढरपर्यंत जातो. १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या या मार्गावर ११ स्थानकं आहेत. गाडी सरकताना दिसली की तिचा पाठलाग करून बघावा. हलती वस्तू वर्तुळात धरून ठेवणं ही दृष्टिक्षेत्राची खरी परीक्षा.

जुनी गावं शोधायची एक युक्ती आहे. ओवे, मुर्बी, पेंढर, रोहिंजण, तळोजे ही गावठाणं आता टॉवरांच्या गर्दीत बुडाली आहेत. नुसत्या डोळ्यांना सगळं एकच काँक्रीट दिसतं. दुर्बिणीतून मात्र सिडकोच्या सरळ रेषांमध्ये अचानक बैठ्या छपरांचा, वाकड्यातिकड्या गल्ल्यांचा पुंजका येतो आणि मध्ये देवळाचा कळस. असा पुंजका दिसला की समजावं, हे गावठाण.

दक्षिणेला, साधारण सात किलोमीटरवर, नवी मुंबई विमानतळ. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. विमानतळाच्या मागे जवळपास त्याच दिशेला हवाई अंतराने २० किलोमीटरवर कर्नाळा. त्याचा अंगठ्यासारखा सुळका, म्हणजे पांडूचा बुरूज, सुमारे १२५ फुटी आहे. हवा स्वच्छ असेल तर तो नुसत्या डोळ्यांनाही कळतो. आठ पटीत सुळका आणि त्याखालचा डोंगर वेगळे दिसले तर त्या दिवशी हवा चांगली आहे असं धरावं. दिसलेच नाहीत तर दुर्बिणीला दोष देऊ नये.

पूर्वेकडची रांग डावीकडून उजवीकडे अशी वाचावी: ईशान्येच्या अंगाला मलंगगड, मग ताहुली, चंदेरीचा सुळका, म्हैसमाळ, नवरा-नवरी, पेब आणि माथेरानचं लांबलचक पठार. माथेरानच्या अलीकडे, आग्नेयेला, प्रबळगड आणि त्याच्या डाव्या टोकाला कलावंतिणीचा सुळका. दोघांमधली खाच ही या रांगेतली सगळ्यात सोपी खूण. आधी ती पकडायची आणि तिथून डावीकडे सरकत जायचं. मलंगगड १६ किलोमीटर, प्रबळ २०-२१, माथेरान २४ असा अंतरांचा अंदाज धरून चाललं की पुरे.

पश्चिम कडेवरून बेलापूर-नेरुळ, खाडी आणि पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी. ही बाजू सकाळची. ते का, हे हवेबद्दल बोलताना येईल.

आकड्यांचा अर्थ

८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि समोरच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५. आयपीसमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या काचेतून, डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची मिलिमीटरमधली रुंदी ती हीच. १०×५० मध्ये ती ५ मिलिमीटर. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दिवसा दोन्हींचा उजेड सारखाच. सूर्य मावळल्यावर बाहुली मोठी होते, तेव्हाही या दोघींत फारसं डावं-उजवं नाही. म्हणजे ‘५० ची काच जास्त उजेड देते’ हे इथे लागू होत नाही, कारण तो जास्तीचा उजेड दहा पट मोठं दाखवण्यातच खर्च होतो.

आता वाचनाची परीक्षा. साधारण चांगली नजर असलेला माणूस ३ किलोमीटरवरचं अक्षर वाचू शकतो, पण ते जवळपास ४.४ मीटर उंच असावं लागतं. आठ पटीत तेच काम ५५ सेंटिमीटरच्या अक्षरावर होतं आणि दहा पटीत ४४ सेंटिमीटरच्या. आठावरून दहावर जाऊन मिळकत काय, तर ११ सेंटिमीटर. तीही हात अजिबात हलला नाही तर. कडेवर वारा असतो, चढून आल्यामुळे श्वास चढलेला असतो, आणि दुर्बीण हाताची थरथरसुद्धा तितक्याच पटीने मोठी करते. हातात धरलेल्या १०×५० मधून ते ११ सेंटिमीटर हाती लागत नाहीत. उलट आठ पटीत स्थिर दिसलेली पाटी दहा पटीत नाचते.

अ‍ॅक्युलॉन ए२११ ८×४२

ही जुन्या ढंगाची, पोरो प्रिझमची दुर्बीण (प्रिझम म्हणजे आत प्रकाश वळवणारा काचेचा ठोकळा). म्हणजे समोरच्या काचा आयपीसपेक्षा लांब-लांब, खांदे रुंद. वजन ७५५ ग्रॅम. तिची जमेची बाजू म्हणजे ८ अंशांचं दृष्टिक्षेत्र. १००० मीटरवर १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. २० किलोमीटरवर हाच पट्टा २.८ किलोमीटर होतो, त्यामुळे कलावंतीण, मधली खाच आणि प्रबळचा बराचसा माथा एकाच वर्तुळात बसतो. रांग ओळखायला शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं, कारण शेजारचं शिखर दिसत असलं की वाट चुकत नाही. मेट्रोची गाडीही हातातून निसटत नाही.

कडेचा भाग मात्र मऊ दिसतो. वर्तुळाच्या बाहेरच्या पट्ट्यात इमारतींच्या खिडक्या विरघळतात. मधोमध धरून बघायची सवय असेल तर याचा त्रास नाही. पोरोचा आणखी एक फायदा असा की समोरच्या काचा लांब असल्यामुळे जवळच्या वस्तूंची खोली जास्त जाणवते. गोल्फ कोर्सवरची झाडं मागेपुढे उभी आहेत हे कळतं.

खोट दोन ठिकाणी. एक, आय रिलीफ १२ मिलिमीटर. म्हणजे डोळा आयपीसपासून एवढ्या अंतरात असला तरच पूर्ण वर्तुळ दिसतं. चष्म्याची काच मध्ये आली की हे अंतर खाल्लं जातं आणि वर्तुळ बोगद्यातून बघितल्यासारखं लहान होतं. चष्मा लावणाऱ्यांना किमान १५, आणि जाड काचा असतील तर १७-१८ मिलिमीटर लागतात. फक्त दूरचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भरून काढता येतं. तिरकस नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, जास्त असेल तर नाही. दुसरी खोट म्हणजे ही जलरोधक नाही. फोकसचं चाक फिरतं तेव्हा आयपीस आत-बाहेर होतात आणि त्यासोबत बाहेरची हवा आत ओढली जाते. कोकणच्या पावसाळ्यात हवा म्हणजे पाणीच.

ऑलिंपस १०×५० डीपीएस-वन

हीसुद्धा पोरो. ८५५ ग्रॅम. दृष्टिक्षेत्र ६.५ अंश, म्हणजे १००० मीटरवर ११४ मीटर. आय रिलीफ हिचाही १२ मिलिमीटरच. ट्रायपॉडवर बसवली की मधल्या भागात चंदेरीच्या सुळक्याची कड छान उठते आणि रात्री चंद्र बघायलाही मजा. हातात मात्र पाच मिनिटांत मनगट भरून येतं आणि सुळका वाऱ्यावर हलल्यासारखा दिसतो.

ट्रायपॉडचा विचार असेल तर दोन गोष्टी. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या मधल्या बिजागराच्या पुढच्या टोकाला एक टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत पाव इंची आटे दिसतात. त्यात एल आकाराचा अ‍ॅडॅप्टर बसतो आणि तो ट्रायपॉडवर चढतो. घेण्याआधी टोपण उघडून आटे आहेत ना, ते बघावं. आणि ट्रायपॉडचा मधला दांडा वर खेचू नये. कडेवरच्या वाऱ्यात तो तारेसारखा थरथरतो. पाय पसरून, बैठा ठेवून, खाली पिशवी टांगली की शांत राहतो.

प्रोस्टाफ पी३ ८×४२

ही रूफ प्रिझमची, म्हणजे दोन सरळ नळ्या. ५६५ ग्रॅम. अ‍ॅक्युलॉनपेक्षा १९० ग्रॅम हलकी आणि गळ्यात घालून चढताना हा फरक प्रत्येक वळणावर जाणवतो. दृष्टिक्षेत्र ७.२ अंश, १००० मीटरवर १२६ मीटर. आय रिलीफ २०.२ मिलिमीटर, त्यामुळे चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ मिळतं. आत नायट्रोजन भरून सील केलेली आहे. पाणी आत शिरत नाही आणि आतल्या काचांवर धुकं धरत नाही.

किमतीच्या मानाने चित्राचा विचार केला तर पोरो इथे थोडी वरचढ ठरते. रूफ प्रिझम बनवायला अवघड, त्यामुळे त्याच पैशात पोरोला अधिक लखलखीत चित्र देता येतं. खारघरच्या पावसात भिजलेली पोरो पुढच्या वर्षी बुरशीने आंधळी होते, हा खर्च धरला की हिशोब उलटा होतो.

चष्मा लावणाऱ्याने आयकप, म्हणजे आयपीसभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या रबरी कडा, पूर्ण खाली ठेवावेत. चष्मा नसणाऱ्याने वर करावेत. आय रिलीफ जास्त असलेल्या दुर्बिणीत, चष्म्याशिवाय आणि आयकप खाली ठेवून बघितलं की वर्तुळात काळे डाग येत-जात राहतात. ते बिघाड समजून लोक वस्तू परत करतात. आयकप एक टप्पा वर केला की प्रश्न मिटतो.

हवा: खरा पंच

या डोंगरावर काय दिसणार हे निम्म्याहून जास्त हवेवर ठरतं. धूर, धूळ आणि बाष्प यांच्यावर उन्हाचा प्रकाश विखुरतो आणि दूरच्या वस्तूवर पांढरट पडदा येतो. दुर्बीण वस्तूबरोबर पडदाही मोठा करते. त्यामुळे धुरकट दिवशी वीस पटीची दुर्बीण आणली तरी माथेरान राखाडीच.

गंमत अशी की हिवाळ्याची सकाळ, जिला सगळे ‘क्लिअर’ समजतात, ती दूरच्या नजरेसाठी सगळ्यात वाईट. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि तळोजे-पनवेलच्या खोऱ्यातला धूर झाकणाखाली अडकल्यासारखा राहतो. ऊन वर चढेपर्यंत तो उठत नाही. आणि उठतो तोवर दुसरी पंचाईत उभी राहते: तापलेल्या पठारावरून आणि काँक्रीटवरून गरम हवा वर चढू लागते, आणि इमारतींच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या लवलवतात. मार्च ते मे सकाळी दहानंतर दहा पटीत हे स्पष्ट दिसतं, आठ पटीत जरा कमी.

सर्वात चांगला वेळ म्हणजे जोरदार सर पडून उघडल्यानंतरचे एक-दोन तास. पाऊस हवेतली धूळ धुऊन नेतो. त्याखालोखाल परतीचा पाऊस संपल्यानंतरचे ऑक्टोबरचे दिवस. दिशाही सांभाळावी. पूर्वेची रांग बघायची तर दुपारी चारनंतर, कारण ऊन आपल्या पाठीमागून येऊन कड्यांवर पडतं आणि घळी, धारा, सुळके वेगळे दिसतात. सकाळी त्याच रांगेमागून सूर्य येतो. तेव्हा फक्त काळी बाह्यरेषा मिळते. बाह्यरेषा शिखरं ओळखायला बरी, पण तपशील शून्य. सकाळी पश्चिम कडेला जावं: बेलापूर, खाडी, ट्रॉम्बे. सूर्य क्षितिजाजवळ असताना दुर्बीण त्या बाजूला नुसती फिरवूसुद्धा नये. क्षणभर सूर्य वर्तुळात आला तरी डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते. मुलांच्या हातात दुर्बीण देताना त्यांची पाठ सूर्याकडे करून मगच द्यावी.

जुळवणी, एकदाच आणि नीट

दहा जणांत आठ जण दुर्बीण न जुळवता बघतात आणि डोकं दुखलं म्हणून परत देतात. क्रम असा:

१. दोन्ही नळ्या बिजागरावर उघडझाप करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईल इतक्या अंतरावर आणाव्यात. बिजागरावरचा आकडा लक्षात ठेवावा.

२. इस्कॉनच्या शिखराची कड धरावी. उजव्या समोरच्या काचेवर टोपण लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करावं. एक डोळा मिटला की दुसऱ्यावर ताण येतो आणि जुळवणी चुकते, म्हणून टोपणच बरं.

३. आता टोपण डावीकडे. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची कडी फिरवून उजवं चित्र स्पष्ट करावं. कडीवरची खूण कुठे आली ते लिहून ठेवावं.

४. यापुढे फक्त मधलं चाक. दुसऱ्या माणसाला दुर्बीण दिली की परत घेताना कडी तपासावी. ती हमखास सरकलेली असते.

धरताना नळ्यांचा मागचा भाग न पकडता पुढे, काचांच्या जवळ पकडावं. डोलणं कमी होतं. टोपीची समोरची कड अंगठ्यांसकट नळ्यांवर दाबून धरली की आणखी स्थिर. बसून कोपर गुडघ्यांवर टेकवणं सगळ्यात उत्तम. आणि दुर्बीण डोळ्याला लावलेली असताना एक पाऊलही टाकायचं नाही. पांडवकड्याच्या बाजूची कड सरळ तुटलेली आहे, धबधबाच १०७ मीटरचा आहे. पावसाळ्यात त्या भागात प्रवेशबंदीचे आदेश निघतात आणि ते पाळावेत. दुर्बिणीमुळे उलट लांबून, सुरक्षित जागेवरून पाणी बघता येतं.

घेताना काय तपासावं

ऑनलाइन यादीत ‘३०×६०’, ‘डे अँड नाईट’ असं लिहिलेल्या घडीच्या दुर्बिणी स्वस्तात दिसतात. समोरची काच वीस-बावीस मिलिमीटरची असते आणि पॉवर जेमतेम आठ. पकडायची पद्धत सोपी आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की आयपीसमध्ये प्रकाशाचा लहान गोल दिसतो. पारदर्शक पट्टीने तो मोजा. समोरच्या काचेचा व्यास भागिले गोलाचा व्यास म्हणजे खरी पॉवर. समोरची काच २१ मिलिमीटर आणि गोल अडीच मिलिमीटर भरला, तर पॉवर आठच्या आसपास. छापील तीस खोटी.

तोच गोल आणखी एक गोष्ट सांगतो. पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखा उजळ असेल तर प्रिझम चांगल्या काचेचे, बॅक-फोर. कडेला राखाडी चौकट दिसली तर स्वस्त बीके-सेव्हन. समोरच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघावं. हिरवट-जांभळट दिसलं तर कोटिंग आहे. पांढरंशुभ्र दिसलं तर काचेवर लेप नाही आणि उन्हाच्या बाजूला बघताना चित्रावर दुधाळ पडदा येणार. भडक लाल काचेची दुर्बीण तर घेऊच नये, तिच्यातून डोंगर हिरवट निळे दिसतात. झूमवाल्या दुर्बिणींचंही तसंच. जास्त पॉवरला क्षेत्र अरुंद होतं आणि दोन नळ्यांचा मेळ लवकर सुटतो.

मेळ सुटला आहे का हे बघायला समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड धरावी आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा सेंटिमीटर मागे न्यावी. दोन वेगळी वर्तुळं दिसू लागतात. दोन्हींत ती कड एकाच उंचीवर असली पाहिजे. वर-खाली दिसली तर ती वस्तू घेऊ नये. मेंदू काही वेळ ते दोन चित्र ओढून एक करतो, आणि अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. प्रवासात आपटलेल्या दुर्बिणीची ही नेहमीची व्याधी. घरी पार्सल आलं की पहिल्याच दिवशी ही तपासणी करावी, परत करण्याची मुदत संपण्याआधी.

किंमत विचाराल तर दोन्ही पोरो स्वस्तात पडतात, प्रोस्टाफ महाग. आकडे आठवड्याला बदलतात, म्हणून फोर्टमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन तिन्ही हातात घ्याव्यात आणि त्याच दिवशीचा ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवावा.

डोंगरावरून आल्यावर

नोव्हेंबरनंतर पठारावरचं गवत वाळतं आणि कुसळं आयकपच्या घड्यांत, पट्ट्यात रुततात. ती चिमट्याने काढावीत. ओढताना काचेवर घासली की ओरखडा. उन्हाळ्यात मुरमाची धूळ. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी गरज असेल तरच लेन्सचा कपडा. धूळ न उडवता शर्टाने पुसणं म्हणजे काचेवर पॉलिश पेपर फिरवणं.

एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या दुर्बिणीवर लगेच बाष्प धरतं. पुसू नये. डोंगराच्या पायथ्यापासूनच एसी बंद करावा किंवा दुर्बीण बंद पिशवीत दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवावी, आपोआप उतरतं.

बुरशी मात्र आपोआप जात नाही. जून ते सप्टेंबर कपाटातल्या दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात आणि कोटिंग खातात. पोरोला धोका जास्त, सील केलेल्या रूफला बाहेरच्या काचांपुरता. चामड्याच्या किंवा कापडाच्या केसमध्ये दुर्बीण ठेवू नये. ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्यावं: नारिंगी हिरवं झालं की ओल भरली. मग ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, गार झाल्यावर परत डब्यात. महिन्यातून एकदा दुर्बीण बाहेर काढून समोरच्या काचेतून टॉर्च मारावा आणि आयपीसच्या बाजूने तिरकं बघावं. तंतू दिसले तर स्वतः उघडायला जाऊ नये, कारण प्रिझम हलला की दोन नळ्यांचा मेळ घरी परत जुळत नाही.